पुतळ्याच्या डोक्यावरचा बोरा

खोटं वाटलं तर खुशाल हसा. केवलराम मिस्त्री माझा सख्खा दीर होता, आणि सकाळी तिथं मी स्वतः उभी होते.

१९८३ सालच्या पोळ्याची रात्र. दुसऱ्या दिवशी पावर हाउसकडच्या मालधक्क्यावर हमालांच्या संपाचं स्मारक उघडायचं होतं. केवलरामनं सिमेंटचा पुतळा केला होता, टिकाराम हमालाचा. टिकारामनं संपात डोक्यावरचा बोरा, म्हणजे भरलेलं पोतं, खाली ठेवला आणि उपोषणात जीव गेला तरी पुन्हा उचलला नाही. अन् कमिटीच्या भैय्याजींनी त्याच्या डोक्यावर काय द्यायला लावलं? बोराच!

"बोऱ्याबिगर हमाल वयखू कसा येईन, वहिनी?" भैय्याजी म्हणाले.

"मंग तुमीच उभे राहा त्याच्याखाली," मी म्हटलं.

टिकारामची बायको मथुरा हळूच बोलली, "आज बैलाच्या मानेवरबी जू ठेवत नाही, भाऊ. याच्यावर कावून ठेवलं?"

कोणी ऐकलं नाही.

जेवून केवलराम सायकलनं निघाला. चांदी रंगाचा शेवटचा हात राहिला होता. कंदील ठेवला, पायापासून रंगवत वर आला. गुडघे झाले. छाती झाली.

मग श्वास ऐकू आला. ओझं पेलणाऱ्या माणसाचा. हूं... हूं...

कुत्रं असेल म्हणून त्यानं कंदील उचलला.

त्यानं मान सरळ घडवली होती. आता ती वाकली होती.

"केवल्या..."

धक्क्यावरचा रिवाज त्याला ठाऊक होता. ज्यानं बोरा चढवला, त्याला उतरवायला हाक मारली तर नाही म्हणायचं नाही. आणि हा बोरा त्यानंच चढवला होता.

"...उतरव."

पाय हलेनात. हात मात्र आपोआप वर गेले...

सायकल तिथंच टाकून तो पळत घरी आला. 

"उतरवला, वहिनी. माह्या एकट्याच्यानं होत नव्हता... पलीकडून कोणीतरी धरून होतं."

"कोण?"

तो तळव्यांवरचा रंग घासून काढू लागला.

उजाडताच मथुरेला घेऊन आम्ही गेलो. बोरा पुतळ्याच्या पायाशी. एक टवका उडालेला नाही. भैय्याजी तोंडावर रुमाल धरून उभे.

बोऱ्याखाली केवलरामनं सिमेंटची चुंबळ घडवली होती. डोक्यावर आता गुंडाळलेल्या खऱ्या गमछ्याची होती.

मथुरा ओट्यावर चढली. तिनं हात लावला... आणि चटकन मागं घेतला.

"बाई," ती म्हणाली, "गरम आहे."