सतरावा 'ग्ल्युक आउफ'

खाण पंधरा मिनिटं आधी बंद केली, तर खाणीचे राखणदार क्रेचमारकाकांना फुटबॉलचा सामना पहिल्या मिनिटापासून बघायला मिळणार होता. नफा एवढाच! त्यापायी त्यांनी आतले दिवे मालवले, गजांच्या दाराला कुलूप ठोकलं आणि सायकल काढली.

"काका, थांबा!" टेक्ला ओरडली. सुट्टीत ती आणि तिचा मावसभाऊ आर्विद या जुन्या खाणीच्या दारात पाहुण्यांची हेल्मेटं सांभाळायचे. "ते म्हातारे खाणकामगार, ट्राउगोटआजोबा, बाहेर आलेच नाहीत!"

"सतरा आत गेले, सतरा 'ग्ल्युक आउफ' मी कानांनी मोजले. हिशेब चोख!"

इथली रीतच ती. आत जाताना आणि बाहेर पडताना दाराच्या तुळईला हात लावून प्रत्येकानं 'ग्ल्युक आउफ' हा जर्मन खाणकामगारांचा रामराम म्हणायचा. काका मात्र पाठमोरे राहून नुसते आवाज मोजत.

"त्या लाल जाकीटवाल्यानं दोनदा म्हटलं!" आर्विद म्हणाला. "एकदा स्वतःसाठी, एकदा व्हिडिओसाठी!"

"कान धुऊन घे आधी!"

"आणि हे?" टेक्लानं बोट दाखवलं. आजोबांच्या सतरा नंबरच्या हेल्मेटची खुंटी रिकामी!

"म्हातारा हेल्मेट घालूनच घरी गेला असेल. विसरभोळा!"

चाळीस वर्षं खाणीत काढलेला माणूस हेल्मेट विसरेल? आत मिट्ट काळोख, बर्फासारखं पाणी, आणि आजोबांचा गुडघा आधीच कामातून गेलेला! तिनं गजांना तोंड लावलं.

"ग्ल्युक आउफ!"

काही नाही. नुसती पाण्याची टपटप.

"झालं समाधान?" काकांनी पॅडलवर पाय ठेवला.

आर्विदनं सायकलचं मागचं चाकच धरलं. "खाणकामगार या हाकेला ओ दिल्याशिवाय राहत नाही! टेक्ला, पुन्हा!"

"ग्ल्युक आउफ!"

एक... दोन... तीन... आणि खोल अंधारातून खरखरीत आवाज आला, "ग्ल्युक... आउफ!"

काकांच्या हातून सायकल सुटली. कुलूप उघडताना किल्ली दोनदा खाली पडली!

आजोबांचा पाय रुळाच्या फळ्यांत अडकला होता. ओठ निळे पडले होते, पण जीभ शाबूत होती.

"पूर्वी याचा अर्थ होता, दगड उघडो, धातूची शीर लाभो," ते म्हणाले. "मग आत गेलेली माणसं आतच राहायला लागली, तेव्हा अर्थ झाला, सुखरूप वर ये. शाबास पोरांनो! आज शब्द खरा केलात!"

लाल जाकीटवाला आपला व्हिडिओ घेऊन केव्हाच निघून गेला होता. टेक्लाचा घसा बसला, आर्विदचे हात साखळीच्या तेलानं माखले. आजोबा ब्याण्णव किलोंचे. त्यांना पाठीवर घेऊन सगळा चढ चढले ते क्रेचमारकाका. सामन्यात तीन गोल झाले. काकांनी एकही पाहिला नाही.