तळघरातला पाचवा श्वास

त्या दिवशी मी फक्त तळघरातल्या जाळीमागची हवेची गाळणी बदलायला खाली उतरलो होतो. दुपारचे अडीच वाजले असतील. जेवण झालं होतं, हातात नवी गाळणी होती, मनात काही नव्हतं.

इमारतीची हवा सांभाळणं हे माझं काम. तेहतीस वर्षं तेच केलं. सात मजले आणि खाली तळघर, पण उघडेल अशी खिडकी एकही नाही. गच्चीवरच्या पंखाघरातून बाहेरची हवा आत ओढायची, गाळायची आणि पत्र्याच्या चौकोनी नळ्यांतून खोल्याखोल्यांत सोडायची. वाटेत झडपा असतात. झडप उघडी तर हवा येणार, लावली तर नाही. यात शिकण्यासारखं फार नाही, म्हणून तर मला जमलं. पण सकाळी माणसं आत शिरताना बघितली की वाटायचं, आता संध्याकाळपर्यंत ही सगळी माझ्या भरवशावर श्वास घेणार.

मोजायची यंत्रं फार नंतर आली. माझं यंत्र म्हणजे पातळ कागदाची वीतभर पट्टी. खोलीतल्या जाळीसमोर धरायची. फडफडत बाहेर आली की हवा जिवंत आहे. लोंबकळली की मेली.

तळघरात जुन्या कागदपत्रांची खोली होती. तिथे चौघीजणी फाटकी पानं जुळवत बसायच्या. त्यातली एक माझी मुलगी. तिची आई लवकर गेली, मीच वाढवली. नोकरी तिने आपली आपण मिळवली. मला कळलं तोवर तिला टेबलसुद्धा मिळालं होतं. शेवटचं, भिंतीकडचं, जाळीच्या बरोबर खाली.

त्या टेबलाचं मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं.

अकरा वर्षांपूर्वी तिथे जुनी पुस्तकं बांधणारे एक बाइंडर बसायचे. वयस्क, शांत माणूस. एका थंडीत मला म्हणाले, "अहो हवावाले, मानेवर नुसत्या सुऱ्या चालतायत. जरा बेतानं सोडा की." जाळीला लहान पात्या असतात, शिडीवर चढून त्या वळवल्या की झोत दुसरीकडे जातो. दहा मिनिटांचं काम. पण माझा गुडघा धरला होता. मी शिडी आणली नाही. वर पंखाघरात जाऊन तळघराची मोठी झडपच लावली, हलू नये म्हणून तारेने बांधली. दोन दिवसांनी उघडू म्हटलं, आणि विसरलो. खाली त्यांच्या उग्र गोंदाची भांडी दिवसभर उघडी असायची. आठव्या दिवशी जेवणानंतर बाइंडरांनी टेबलावर डोकं टेकलं. सगळ्यांना वाटलं, डुलकी लागली. संध्याकाळी दिवे घालवताना कळलं.

सगळे म्हणाले, हृदय बंद पडलं. तोवर मी वर जाऊन तार कापून, झडप उघडून आलो होतो.

मुलगी त्या टेबलावर बसायला लागून महिना झाला आणि जेवताना म्हणाली, "बाबा, दुपारी डोकं फार जड होतं हो. तीनच्या सुमाराला डोळे मिटतात, मग मधलं काही आठवतच नाही."

मी झडप बघितली, उघडी होती. पंखा ठीक, त्याचा पट्टा ठीक. सकाळी जाऊन कागद धरला, छान फडफडला. आठवडाभर रोज बघितलं. तरी तिची नखं निळसर दिसायला लागली.

"सोड ती नोकरी," मी म्हटलं.

"का? काहीतरी कारण सांगाल की नाही?"

कारण मला ठाऊक नव्हतं. भीती होती, पण ती सांगायची तर झडपेचंही सांगावं लागलं असतं.

तर त्या दुपारी मी गाळणी घेऊन खोलीत गेलो. दाराजवळच्या मोठ्या बाई नेहमीसारख्या म्हणाल्या, "या हवावाले काका! आज जरा आमच्या साहेबांसमोर धरा तुमचा कागद. त्यांची फार हवा झालीय."

बाकीच्या दोघी हसल्या. माझी मुलगी हसली नाही. तिने हनुवटी हातावर टेकली होती.

मी शिडीवर चढलो आणि पट्टीचं टोक जाळीला चिकटवलं. पट्टी बाहेर फडफडली. मग हळूच खाली आली, आणि... जाळीला आतून ओढल्यासारखी चिकटली. क्षणभर तशीच राहिली. पुन्हा बाहेर आली.

मागून हवा उलटी वळत असेल, असं मी मनाला समजावलं. तेवढ्यात वीज गेली.

वरचा पंखा थांबला की नळीतली घरघर विरत जाते. ती विरली. दारावर बॅटरीचा लहान दिवा लागला. आता पट्टी सरळ लोंबायला हवी होती.

पट्टी आत गेली. बाहेर आली. आत गेली.

जाळीतून दमट, उबदार वास येत होता, बंद खोलीत खूप वेळ निजलेल्या माणसाच्या तोंडाला येतो तसा.

"बाई," मी खाली बघून हाक मारली, "वीज गेली ना हो?"

चौघींनी टेबलावर डोकी टेकली होती. मंद उजेडात त्यांच्या पाठी दिसत होत्या. पट्टी बाहेर आली की चारही पाठी फुगायच्या. पट्टी आत ओढली गेली की चारही पाठी खाली बसायच्या. एकदम... एकाच वेळी. त्या सोडत होत्या ते कोणीतरी आत घेत होतं.

मी शिडीवरून कसा उतरलो आठवत नाही. मुलीला खांद्याला धरून उठवायला गेलो. ती हलेना. लहानपणी तापात उचलून नेलेली माझी पोर, आणि आता टेबलाला रुजल्यासारखी जड.

पट्टी आत गेली. या वेळी बाहेर आलीच नाही.

चारही पाठी खाली बसल्या त्या तशाच राहिल्या. मी वाट बघितली. मुलीच्या नाकाशी हात धरला. काही नाही...

तेव्हा मी बोललो. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

"बाइंडरसाहेब... झडप मी लावली होती. शिडीचा आळस केला. नंतर तार कापून गप्प बसलो. तुमच्या घरी कोण होतं, तेसुद्धा विचारायला गेलो नाही. माझं काय असेल ते माझ्याकडून घ्या. या पोरीला यातलं काही माहीत नाही हो... हिला श्वास द्या."

जाळी कुरकुरली. पट्टी सुटून लोंबकळली आणि हललीच नाही.

मुलीने तोंड उघडलं आणि श्वास घेतला. एक मोठा, खूप लांब श्वास. तिच्या एवढ्याशा छातीत मावेल का, असं वाटण्याइतका तो आत जातच राहिला. मग वीज आली. बाकीच्या तिघीजणी डोळे चोळत उठल्या. "काय मेली गुंगी," मोठ्या बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना झडपेचं सगळं सांगितलं, लिहूनही दिलं. घरी मुलीलाही सांगितलं. तिने माझा गुडघा दाबून दिला. ती खोली बंद झाली. तिची नखं गुलाबी झाली, डोकं दुखायचं थांबलं. पण माझं मन मानेना. महिन्याभराने मी तिला तपासायला घेऊन गेलो.

डॉक्टर तरुण होता, बोलायला गोड. त्याने तिच्या पाठीला नळी लावली.

"खोल श्वास घ्या. सोडा. छान. आता थोडा वेळ रोखून धरा."

तिने ओठ मिटले. डॉक्टर ऐकत राहिला. मग त्याच्या कपाळाला आठी पडली.

"ताई, रोखा म्हटलं ना."

तिने मान हलवली आणि त्याला दिसावं म्हणून नाक चिमटीत धरलं. त्याने नळी कानातून काढली, निरखून बघितली, पुन्हा घातली. पाठीवर डावीकडे, खालच्या बाजूला लावली. बराच वेळ तो तसाच वाकून होता. मग माझ्याकडे वळला. आवाज अगदी हळू झाला होता.

"आजोबा... जरा तुम्ही ऐकता का?"

त्याने नळी माझ्या कानांत घातली. आत कोणीतरी श्वास घेत होतं. सावकाश, दमलेला, वयस्क माणसाचा श्वास. प्रत्येक श्वासाच्या शेवटी ते थोडं थांबत होतं, काहीतरी सांगायचं असावं तसं.

समोर माझी मुलगी गाल फुगवून, नाक घट्ट दाबून बसली होती, आणि मी घाबरू नये म्हणून माझ्याकडे बघून डोळ्यांनी हसत होती.