बाहेर वळलेली शेपटी

बुधवारी नवे अंक येतात आणि बुधवारीच कॉरिनचं डोकं फिरतं. पिट्सबर्गच्या बटलर स्ट्रीटवर, लू पेट्राकिसच्या कॉमिक्सच्या दुकानात, गल्ल्याला टेकून ती 'ब्रिजकीपर'चा पहिला अंक वाचत होती. संध्याकाळपर्यंत पेपरला परीक्षण द्यायचं होतं. शेजारी बाबागाडीत तिची मुलगी मॉड. अडीच वर्षांची झाली तरी तोंडातून शब्द नाही. डॉक्टर म्हणतात, वाट बघा. कॉरिन तिच्या ओठांवर डोळे लावून दिवस काढते.

"काय भिकार आहे, लू! नुसती छाती. डोकं काढायला शाई संपली वाटतं."

"हळू बोल, बाई. खोकाभर मागवलेत मी."

"आणि हे बघ. फुग्याची शेपटीसुद्धा धड काढता येत नाही यांना."

संवादाचा फुगा चौकटीतच होता, पण त्याची शेपटी कुणाच्याच तोंडाशी जात नव्हती. चौकट ओलांडून ती बाबागाडीच्या बाजूला, पानाच्या कडेपर्यंत उतरली होती. कॉरिनने नाटकी आवाज काढला. "'पट्टा टोचतोय.' हा म्हणे महावीर!"

लू खो खो हसला. कॉरिनची नजर सहज खाली गेली. गाडीच्या पट्ट्याने मॉडच्या मानेवर लाल वळ उठला होता.

तिने पट्टा सैल केला. पान उलटलं. पुन्हा तशीच शेपटी. 'त्याच्या खिशात बिस्कीट आहे.'

लूने खिशातला हात सावकाश बाहेर काढला. हातात बिस्कीट होतं, मॉडसाठी आणलेलं.

त्याने खोक्यातून दुसरा अंक काढून तेच पान उघडलं. चित्र तेच. फुगा नव्हता.

कॉरिनने आपला अंक उलटा धरला. शेपटी वळली आणि पुन्हा बाबागाडीकडे आली.

"बंद कर ते, कॉरिन."

"थांब ना. ती बोलतेय, लू. माझी पोर बोलतेय."

शाईचा वास घशात उतरत होता, ओल्या लोखंडासारखा. तिने शेवटचं पान उघडलं.

'आई, मी बोलू?'

"बोल गं सोन्या. बोल."

"बोलते," मॉड म्हणाली.

उच्चार स्वच्छ होता. बोबडेपणा नावालाही नव्हता.

"अगं, बोलली की पोर!" लूने टाळ्या पिटल्या.

कॉरिन तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली. तिने हाक मारली. तिचे स्वतःचे ओठ हलले, आवाज आला नाही.

हातातल्या पानावर नवा फुगा उमटला होता. 'मॉड.' शाई ओली होती. शेपटी कॉरिनकडे.

त्याखाली आणखी एक. 'लू, माझा आवाज'

"आईला अंक आवडला," मॉड म्हणाली. "आम्ही नेतो."

"बघ, तुझ्यापेक्षा हिला अक्कल आहे." लूने डोळे पुसत अंक कॉरिनच्या हातातून घेतला आणि मिटला.

कॉरिन ओरडत होती.

लूने अंक पारदर्शक पिशवीत सरकवला, तोंडाला चिकटपट्टी लावली आणि पट्टीवरून अंगठा दाबून फिरवला.