आहे तसं वाचणाऱ्या बाई

तालुक्याच्या रुग्णालयात तीन नंबरच्या खिडकीवर एकही स्क्रीन नव्हता, आणि सगळ्यांत लांब रांग तिथंच लागायची.

खिडकीमागे अल्फिया शिकलगार बसत. वय बेचाळीस, जन्मापासून आंधळ्या, बोलायला फटकळ. त्यांच्यासमोर स्टीलचा मिसळणाचा डबा असे. त्यात हळद-मोहरीऐवजी पत्त्यांच्या कॅटाएवढा संगणक बसवलेला होता. सगळा संगणक एकाच पाटीवर, आणि त्यावर लिनक्स, म्हणजे कुणालाही उघडून बघता येईल, बदलता येईल अशी प्रणाली. डब्याला भोकं पाडून काढलेल्या वायरी एका लांबट ब्रेलपट्टीला जोडल्या होत्या. पट्टीवर चाळीस घरं, दर घरात आठ बारीक पिना. ओळ आली की पिना खसखसत वर येत, बाईंचं बोट त्यांवरून सरके आणि बाई मोठ्यानं वाचून दाखवत. हा सगळा संसार त्यांनी स्वतः जुळवला होता. सोल्डरिंगलासुद्धा दुसऱ्याचा हात लागू दिला नव्हता.

त्या मंगळवारी पहिला नंबर स्वप्नीलराव मोहित्यांचा होता. वय त्र्याहत्तर, त्या काळात स्वप्नील हे नाव आजोबांचंच झालं होतं. त्यांनी खिडकीत चार डाळिंबं ठेवली.

"बाई, काठीवर आलो बघा. मागल्या साली स्ट्रेचरवर हुतो."

"ऐकलं की. काठी लांबून वाजत आली."

"तुमच्या एका वाक्यावर चाललो. तुम्ही वाचलं हुतं न्हवं, 'पायात ताकद हळूहळू येईल'? रोज गोठ्यापतूर जायचो. पडायचो, पुन्हा जायचो. म्हणायचो, शिकलगारबाई पडद्यावानी गोड बोलत न्हाईत. त्या म्हणाल्यात म्हंजे येणारच."

बाईंनी मान हलवली. त्यांनाही ते वाक्य आठवत होतं.

"व्यायामाच्या खोलीत जाऊन येतो. मग नवा कागद वाचा," म्हणत मोहिते काठी वाजवत गेले.

त्यांनी म्हटलेला पडदा म्हणजे मनकवडा पडदा. तो काय असतो हे तेव्हा शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. पडद्याच्या काचेतच असा मेंदू बसवलेला असे, की तो वाचणाऱ्याच्या डोळ्यांकडे बघायचा. बुबुळ कुठं अडखळलं, पापणी कधी लवली, यावरून माणूस भ्याला की कंटाळला हे ओळखायचा आणि पुढचं वाक्य त्याला झेपेल असं बदलून दाखवायचा. एकच कागद भित्र्याला एक दिसे, उतावळ्याला दुसरा. छापील कागदसुद्धा ज्याच्यासाठी काढला त्याच्याच मनाजोगा निघे. सुरुवात साधीच होती: शंभरातले सत्तर दगावतात असं लिहायचं, की तीस वाचतात असं? पण बोट दिलं की हात जातो. पुढं आकडेही हलायला लागले, लोक भलतीकडेच सह्या करून बसले, आणि शेवटी कायदा झाला. जिवाचा प्रश्न असेल तिथं मूळ मजकूर, कुणाच्याही डोळ्यांपुढे जाण्याआधीचा, वाचून दाखवायचा. त्याला नितळवाचन म्हणत.

हे काम आंधळ्यांकडे आलं ते दयेनं नव्हे. स्क्रीन रीडरच्या नावात स्क्रीन असला तरी तो स्क्रीनकडे बघतच नाही. कुठलाही प्रोग्राम काचेवर अक्षर उमटवण्याआधी 'इथं अमुक ओळ आहे' असं आतल्या आत सांगत असतो. स्क्रीन रीडर ते ऐकतो आणि आवाजाला किंवा पिनांना देतो. मनकवड्याचं काम त्यानंतर काचेत सुरू होतं. बाई सांगत, "सरबत नळाला येतं, मी विहिरीवर पाणी भरते." डोळस माणसांनाही हे शिकता आलं असतं. जिल्ह्याला वर्ग निघाला, अकरा जण बसले, आणि तिसऱ्या आठवड्यात वर्गात फक्त शिकवणारा उरला.

बाईंचं काम बघत राहावं असं होतं. दोनशे पानी फाइल आली की आधी त्या संगणकाचा आवाज कानाला लावत, लाह्या फुटाव्यात इतक्या वेगानं. शेजारच्याला त्यातला एक शब्द कळत नसे. दोन-तीन मिनिटांत नेमकी जागा सापडे, मग आवाज बंद करून पिनांवर बोट. त्यांचे अब्बा विळ्या-कात्र्यांना धार लावत आणि म्हणत, धार डोळ्याला नाही, बोटाला कळते. बाईंचा नियम एकच होता: आहे तसं. त्याचा त्यांना अभिमान होता, आणि तो त्यांना शोभायचा.

दुपारी खिडकीसमोरच्या खुर्चीत एक माणूस येऊन बसला.

"डॉ. चिन्मय करंदीकर. पुण्याहून आलोय."

बाईंचं बोट पट्टीवर थांबलं. "मनकवडा काढला ते?"

"तोच मी. आधी वाचून दाखवा, मग काय चिडायचं ते चिडा."

"पुण्यात वाचणारे नाहीत?"

"आहेत, पण सगळे ओळखीचे झालेत. ओळखीच्या माणसाला वाईट सांगताना जीभ जड होते. तुम्ही फटकळ आहात असं ऐकलं."

"आणि घरचा पडदा?"

"तो मला सगळ्यांत जास्त ओळखतो ना! मला धीर आला की म्हणतो ऑपरेशन करा, भीती वाटली की म्हणतो थांबा. रिपोर्ट एकच. परवा सही करायची आहे, आणि खरं काय ते मलाच ठाऊक नाही."

"करावे तसे भरावे," बाई म्हणाल्या.

करंदीकर हसले. मग म्हणाले, "आईमुळे केलं हो. तिनं ऑपरेशनचा कागद वाचला आणि भिऊन घरी निघून आली. साधं ऑपरेशन होतं. महिन्यात गेली. तेव्हा वाटलं, कागदाला माणूस ओळखता यायला हवा."

बाईंनी विचारलं, "मग आमच्या स्क्रीन रीडरला का नाही लावला मनकवडा?"

"खरं सांगू? तुमची आठवणच झाली नाही. आमच्या बैठकांत आंधळ्यांचा विषय एकदाही निघाला नाही."

"विसरलात तेच उपकार," बाई म्हणाल्या आणि त्यांचा आरोग्य क्रमांक विचारून फाइल उघडली.

पहिली ओळ वर आली. "मेंदूच्या डाव्या भागात गाठ. बोलण्याच्या केंद्राला चिकटलेली." अंगठ्यानं कळ दाबली, पुढची ओळ. "शस्त्रक्रियेनंतर वाचा जाण्याची शक्यता शंभरात सत्तर."

समोरची खुर्ची करकरली. माणसाचा श्वास मध्येच अडकला आणि सुटेना. बाईंना ते सगळं ऐकू आलं. आयुष्यभर त्या माणसं अशीच ओळखत आल्या होत्या. त्यांनी कळ दाबली. पिना वर आल्या: शस्त्रक्रियेनंतर अपेक्षित आयुष्य दहा ते बारा महिने.

"शस्त्रक्रियेनंतर अपेक्षित आयुष्य," बाई म्हणाल्या, "तीन ते चार वर्षं."

समोरचा श्वास सुटला.

"बाई," करंदीकर हळूच म्हणाले, "या ओळीआधी तुम्ही थांबलात."

"ओळ लांब होती."

"पावणेदोन सेकंद थांबलात. माझ्या पहिल्या पडद्याला तेवढाच वेळ लागायचा. माणसाकडे बघायला, आणि त्याला सोसेल असा शब्द शोधायला. मी हजारदा मोजलाय तो."

बाईंच्या कानशिलांत रक्त चढलं. तोंडून ते शब्द कसे निघाले हे त्यांना खरंच कळलं नव्हतं. बावीस वर्षांच्या नोकरीत एवढी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

"माझं बोट ठेवा त्यावर," करंदीकर म्हणाले.

"तुम्हाला ब्रेल येत नाही."

"नाही येत. तरी ठेवा."

बाईंनी त्यांचं बोट धरून पिनांवर टेकवलं. ते एकेका घरावरून नेलं. "हे दहा. हे बारा. पुढं महिने. मी खोटं वाचलं, साहेब. माफ करा." मग कळ दाबून पुढची ओळ आणली आणि त्यावरूनही बोट नेलं. "शस्त्रक्रिया न केल्यास सात ते आठ महिने."

करंदीकरांनी बोट काढलं नाही. "म्हणजे तीन-चार महिने जास्तीचे, आणि तेही बहुतेक मुक्यानं. बायको म्हणेल, चाळीस वर्षांत पहिल्यांदा घरात शांतता झाली असती." हसता हसता त्यांचा आवाज फाटला. "नको. माझं बरंच बोलायचं राहिलंय. तिच्याशीच राहिलंय."

उठताना ते म्हणाले, "तुम्हाला बोल लावत नाही मी. मला वाटायचं, दोष काचेत आहे."

ते गेले. बाईंनी पुढच्याला थांबायला सांगितलं. सकाळचं मोहित्यांचं वाक्य आता मनातून जाईना. त्यांनी मागल्या वर्षीची फाइल शोधली. पायांविषयी एकच ओळ होती. बोट तिच्यावरून तीनदा फिरलं, तिन्ही वेळा पिना तेच म्हणाल्या: पायांतील शक्ती परत येण्याची शक्यता नाही.

'हळूहळू येईल' हे वाक्य फाइलमध्ये कुठंच नव्हतं. ते बाईंनी म्हटलेलं होतं. त्या दिवशी स्ट्रेचरवरचा म्हातारा हुंदका दाबत होता, तेही आता त्यांना आठवलं. अशी आणखी किती वाक्यं? वाचन गुप्त ठेवायचं म्हणून त्याची कुठंच नोंद होत नसे. बावीस वर्षं, आणि हजारो माणसं त्यांच्या शब्दावर सह्या करून गेलेली. त्यांतलं कोण चाललं आणि कोण मेलं?

लांबून काठीचा आवाज आला. जी शक्ती येणारच नव्हती, तिच्या जोरावर मोहिते चालत येत होते.

"हं बाई, वाचा. आता काय म्हणतोय कागद?"

"आजोबा, आधी बोट ठेवा इथं. माझ्या बोटाशेजारी."

"मला कुठं येतंय ते?"

"शिकवते."

"ह्या वयात? कशापायी, बाई? तुमच्यावर विश्वास हाय की आमचा."

"म्हणूनच," बाई म्हणाल्या. त्यांनी मोहित्यांचं राठ बोट पट्टीवर धरलं आणि कळा दाबून पहिल्या घरातली एकच पिन वर आणली. "हा एक ठिपका लागतोय? हा अ."