अकरा बेचाळीस

खरं सांगते, चूक माझीच होती. पण थोडी त्याच्या शेळीचीही होती.

मंगळवार होता. ताडकळसच्या बाजार-मैदानालगत आमच्या मेंढपाळ संस्थेचं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे काय, एक खोली, आवाज करणारा कूलर, एक कॉम्प्युटर आणि त्याच्यासमोर मी, राजेश्री. बी.एस्सी. झाल्यावर पुण्याला न जाता गावातच राहिलेली, आणि त्यावरून रोज कुणाचं तरी ऐकून घेणारी.

आमच्या सभासदांच्या प्रत्येक मेंढीच्या, शेळीच्या कानात पिवळा बिल्ला असतो. बिल्ल्यावर नंबर. त्या नंबरासमोर मालकाचं नाव माझ्या कॉम्प्युटरात. त्या दिवशी रायभानकाकांनी एक शेळी विकत घेतली होती, तिच्यासमोर त्यांचं नाव टाकायचं होतं, एवढंच काम. संस्थेच्या सॉफ्टवेअरमधलं मालक बदलायचं बटण महिनाभर बिघडलेलं, म्हणून मी आज्ञा हातानं लिहायचे. आधी लिहायचं, ‘मालकाचं नाव रायभान कर.’ मग अट लिहायची, ‘फक्त या नंबरच्या शेळीपुरतं.’ मी पहिलं लिहिलं. अट लिहिणार, तेवढ्यात दारातून आवाज आला.

“मॅडम, आमच्या एका शेळीनं दुसरीच्या कानातला बिल्ला खाल्लाय.”

मी वर बघितलं. उंच, सावळा, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला, पालमच्या एसटीतून नुकताच उतरलेला. चेहरा एवढा गंभीर, की जणू घरात चोरी झाली!

“खाल्ला?”

“गिळला. आता नंबर पोटात हाय, कानात न्हाई. मग ही शेळी नेमकी कोणती म्हणायची?”

मी जी हसले... हसता हसता बोट एंटरवर पडलं. मला कळलंसुद्धा नाही. कारण तोही हसला, आणि आमची नजरानजर झाली, आणि मला कुठं बघावं ते सुचेना. म्हणून मी स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे बघत राहिले. अकरा बेचाळीस. काय वेड लागलं होतं देव जाणे, पण ते आकडे तेव्हा लय सुंदर दिसले.

नवा बिल्ला घेऊन तो गेला. दारातून एकदा वळून बघितलं त्यानं. मग मी काम करतेय असं दाखवत उरलेला दिवस नुसताच घालवला. नंतर आलेले फोन तेवढे घेतले, सांगितलेले नंबर लिहिले.

गुरुवारी सकाळी याद्या छापायला घेतल्या. पहिल्या पानावर सगळीकडे रायभान. दुसऱ्या पानावर रायभान. मी घाईघाईनं खाली खाली गेले... सहा हजार चारशे बारा जनावरं आणि मालक एकच! ज्या माणसाकडं मोजून चाळीस मेंढ्या, तो एका एंटरनं अख्ख्या भागाचा धनी झाला होता. दुसऱ्या कुणाकडून हे झालं असतं तर मीही पोट धरून हसले असते. पण आता हसण्यासारखं काही नव्हतं.

कारण शनिवारी वाटणी होती, एकत्र चरून आलेले कळप घरोघर वेगळे करायची.

दिवाळीनंतर आमची माणसं पाच-सहा घरांचे कळप एकत्र करून गोदाकाठानं चारत जातात, ते पेरणीच्या आधी परत येतात. वाटेत शेकडो कोकरं होतात, मोठी होतात, आईला सोडून चरायला लागतात. मग परत आल्यावर कुणाचं कोणतं हे कळावं म्हणून पूर्वी कोवळ्या कानाला खाच पाडायचे, प्रत्येक घराची खूण वेगळी. यंदा मीच हट्ट धरला. म्हटलं, कान कापायचे न्हाईत. सोबत बिल्ले न्या, कोकरू झालं की बिल्ला मारा, मला फोन करून त्याचा आणि आईचा नंबर सांगा.

सगळ्यांत जास्त नाही म्हणाली ती माझी सख्खी भिवराआत्या. “राजे, आमचं समदं तू त्या डब्यात ठेवायलीस. डबा बिघडला तर?”

“न्हाई बिघडायचा आत्या. माझा शब्द हाय.”

बापाच्या वयाच्या माणसांनी माझ्या एका शब्दावर पिढ्यांची खूण सोडली होती. आता शनिवारी भर मैदानात भांडणं लागणार, आणि पुन्हा कधी कुणी माझं, किंवा माझ्यासारख्या कुठल्या पोरीचं, ऐकणार नाही.

सॉफ्टवेअरवाल्यांच्या पूर्णेच्या ऑफिसला फोन लावला. “हॅलो, हरिओम बोलतोय.”

आवाज ऐकला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “शेळीवाले?”

“मॅडम? अहो, मंगळवारी सुट्टी होती म्हणून आईचं काम करायला आलो होतो. बोला की.”

मी सगळं एका दमात सांगितलं. शेवटी रडू आलंच. म्हटलं, जुने कागद काढून एकेक नाव हातानं टाकत बसते...

“न्हाई न्हाई. कशालाच हात लावू नका,” तो हळू म्हणाला. “कॉम्प्युटरला न् डोळ्यालाबी. मी निघालोच.”

तासाभरात त्याची मोटरसायकल दारात. आमचे सचिव दिनकरराव तेवढ्यात येऊन बसले होते, कपाळाला आठ्या घालून. हरिओमनं त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं झुकून कुजबुजला, “मशीनचा बिघाड म्हणून सांगू का? चालून जाईल.”

मी नाही म्हणून मान हलवली. दिनकररावांसमोर उभी राहिले. “काका, मशीन चांगलं हाय. अट न लिहिता मीच एंटर दाबलं. चूक माझी.”

दिनकररावांनी कॅलेंडरवरच्या शनिवारकडं नुसतं बोट केलं, ते जास्त लागलं. पण हरिओम माझ्याकडं असा बघत राहिला, की मलाच पुन्हा कोपऱ्यातलं घड्याळ शोधावं लागलं.

“मॅडम, चुकायचं माणसानंच,” तो खुर्ची ओढत म्हणाला. “म्हणून तर मशीन रोजनिशी लिहितं. कुणी काय बदललं, कधी बदललं, ओळीनं.”

मग त्यानं मला समजावलं. रविवारी सगळ्या नोंदींची पूर्ण नक्कल काढलेली होती. ती तशीच आणून ठेवली तर नावं परत मिळतील, पण रविवारनंतरचं सगळं जाईल. मंगळवारी सकाळी मी दोन भावांच्या वाटणीतल्या ऐंशी मेंढ्यांची नावं बदलली होती, ती जातील. आणि एंटरनंतर फोनवर लिहून घेतलेली सदतीस कोकरंही जातील.

“कोकरं न्हाई जाऊ द्यायची!” मी जवळजवळ ओरडलेच.

“न्हाई जाऊ द्यायची,” तो हसला. “आपण चालू कामाला हात लावायचा न्हाई. बाजूला दुसरी जागा करू. तिथं रविवारची नक्कल उघडू, तिच्यावर रोजनिशीतलं एकेक काम पुन्हा करत येऊ, न् चुकीच्या तोंडाशी थांबू. तिथनं फक्त नावं उचलायची न् नंबर बघून इकडं बसवायची. कोकरांच्या आईचे नंबर तुमी लिहिलेत. आईचा मालक तोच लेकराचा.”

किती सोपं करून सांगत होता! मी त्याला चहा दिला. त्यानं कप घेतला, बोटाला बोट लागलं, आणि दोघांनीही चहाकडंच बघितलं.

“आता सांगा,” तो म्हणाला. “एंटर कधी पडलं?”

“मंगळवारी... सकाळी.”

“सकाळ लय मोठी असते.”

“साडेअकरा ते बारा.”

“मॅडम, लवकर थांबलो तर दोघा भावांची वाटणी जायची. उशिरा थांबलो तर रायभानकाका पुन्हा समद्यांचे मालक. मिनिट पायजे.”

मी ओढणीचं टोक पिळत होते. “अकरा बेचाळीस.”

“पक्कं?”

“पक्कं.”

“दोन दिवसांमागचं मिनिट एवढं पक्कं कसं ध्यानात?”

“समोर घड्याळ हाय की!”

त्यानं वळून भिंतीकडं बघितलं. भिंतीवरचं घड्याळ चार वाजून दहा मिनिटांवर गेल्या दसऱ्यापासून बंद होतं. कूलर तेवढा खडखडत होता.

“त्या टायमाला... कुणी आलं होतं का?” त्यानं विचारलं. स्क्रीनकडं बघत, हं. माझ्याकडं नाही.

“एक सभासद.”

“काय काम होतं?”

“शेळीनं बिल्ला खाल्ला होता,” मी म्हटलं, आणि कान तापले माझे. “दारात उभं राहून असलं कुणी बोलतं का? माणूस दचकतो. बोट पडतं!”

त्यानं गालातल्या गालात हसत थांबायची वेळ लिहिली, अकरा एकेचाळीस. दोन तास लागले. मध्ये एकदा लाईट गेली, इन्व्हर्टरवर चाललं. मी देवाचं नाव घेत होते आणि मध्येच त्याच्या मनगटाकडं बघत होते. शेवटी एकेक नाव आपापल्या जागी आलं... माणिकराव, चतुराबाई, भिवराबाई, बजरंग. माझ्या माणसांची नावं एवढी गोड कधीच वाटली नव्हती.

“ती एक शेळी राहिली,” तो म्हणाला. “रायभानकाकांची. तुमीच करा.”

“मी? पुन्हा?”

“तुमीच. आधी अट लिहा, नाव नंतर. मी हाय इथं.”

मी आधी अट लिहिली, मग नाव. एकच ओळ बदलली. फक्त एक! मला त्याला मिठी मारावीशी वाटली. दिनकरराव बसले होते म्हणून वाचला.

शनिवारी मैदान मेंढरांनी भरून गेलं. धूळ, बें-बें, लोकरीचा वास. याद्या घेऊन मी ओट्यावर चढले आणि आधीच सांगून टाकलं, “मंगळवारी माझ्या हातनं चूक झाली होती. दुरुस्त केलीय. तरी पटत नसल तर आधी तपासा, मगच मेंढरं हलवा.”

गर्दीत कुजबुज झाली. भिवराआत्या पुढं आली. तिच्या मागं मागं एक तपकिरी कोकरू, तिचा पदर चघळत. “ह्याचं सांग.”

नंबर बघून मी यादीवर बोट फिरवलं. मालक... रायभान.

पुन्हा रायभान? हे कोकरू तर आत्याला सोडत नाहीये! पण यादीत जे होतं तेच मी मोठ्यानं वाचलं. “रायभानकाका.”

आत्या माझ्याकडं बघत राहिली. मग फेटा सावरत रायभानकाका पुढं आले. “बरुबर हाय. माझ्याच मेंढीचं. आई वाटंतच मेली, भिवराबाईनं बाटलीनं दूध पाजून जगवलं.”

“मला वाटलं, पोरगी कोकरू माझ्या मागं बघून माझंच नाव घेती का काय,” आत्या म्हणाली, आणि माझ्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. “चला रं, सोडवा मेंढरं!”

संध्याकाळपर्यंत एकही भांडण झालं नाही. मैदान रिकामं झालं तेव्हा मी ओट्यावर टेकले आणि बघते तर लिंबाखाली हरिओम उभा.

“तुमी कधी आलात?”

“सकाळीच. म्हटलं, गडबड झाली तर मार खायला सोबत असावी.” तो जवळ येऊन बसला, मध्ये यादीचा गठ्ठा ठेवून. “एक चूक माझीबी हाय. सांगू?... ती वेळ मला रोजनिशीत आधीच दिसली होती. अकरा बेचाळीस, वर अठरा सेकंद.”

“काय?” मी उठलेच. “माझा जीव टांगणीला, न् तुम्हाला मस्करी सुचायली होती? मग विचारलं कशाला?”

“एसटीतनं उतरलो तेव्हा मीबी टाइम बघितला होता. दोन्ही जुळलं. मग वाटलं... तुमच्या तोंडून ऐकावं.” तो आता हसत नव्हता. “राजेश्री, त्या मिनिटाला रायभानकाकांचं नाव तुमच्याकडं समद्या ओळींवर पडलं. माझ्याकडं तुमचं पडलंय. एकही ओळ सुटली न्हाई.”

रागही होता, आणि आनंद एवढा की राग कुठं ठेवावा कळेना.

“मग...” मी विचारलं, “ते दुरुस्त करायचं का, आदल्या मिनिटावर जाऊन?”

“नको,” तो म्हणाला. “ऱ्हाऊ द्या.”

मी मधला याद्यांचा गठ्ठा उचलून पलीकडं ठेवला आणि त्याच्या शेजारी बसले.