बाला कुणी सांगितलंच नव्हतं

हसायचं तर खुशाल हसा. पण हे माझ्या घरात घडलंय, आणि मी तेव्हा चांगली शुद्धीवर होते.

बेन त्रे प्रांतातलं आमचं गाव. कालव्याकाठी पपनसाची बाग. बाला, म्हणजे माझ्या वडिलांना, माती दिली त्याच्या दुसऱ्या दिवशीची कातरवेळ.

बाला पोटाचा कॅन्सर होता. थोरला हाईदादा म्हणाला, सांगायचं नाही, हाय खाईल. मग आम्ही सगळे अल्सर अल्सर करत राहिलो. बा शेवटपर्यंत मला, धाकट्या उतला, विचारायचा, पपनसं उतरवायला उठेन ना गं उत? आई म्हणायची, उठाल की.

झोपेतच गेला बिचारा.

आमच्याकडे घरधनी गेला की झाडांनाही सुतक. प्रत्येक खोडाला पांढरी फीत बांधायची, नाहीतर झाडं वाळतात. माती देऊन आल्यावर आईने आणि मी सगळी बाग बांधून काढली.

सकाळी बघते तर...

एकाही झाडाला फीत नाही.

सगळ्या फिती उंबऱ्यावर. नीट घडी घालून.

शेजारची साउकाकू म्हणाली, वारा असेल. वारा घड्या घालतो होय, मी विचारलं. मग तुझा कंजूष बाच असणार, म्हणाली, मेला तरी बाग सोडायचा नाही. हसली... आणि लगबगीने घरी निघून गेली.

आम्ही फिती पुन्हा बांधल्या.

कातरवेळी चुलीपुढे बसले होते. बागेतून आवाज आला...

चुबुक... सप्प.

चरातलं पाणी लांब दांड्याच्या ओगराळ्याने झाडाला घालतात, तो आवाज. एक झाड. मग दम खायला थांबायचं. मग दुसरं.

बा असाच थांबायचा.

मागचं दार उघडलं. बागेत कुणी नव्हतं. ओगराळं खुंटीलाच होतं. पण खोडं ओली होत होती... एकेक करून. आणि फितींच्या गाठी आपोआप सुटत होत्या.

हाईदादाची बोबडी वळली. आई मात्र सरळ बागेत गेली.

"अहो, सोडू नका त्या. तुमच्याच सुतकाच्या आहेत."

पाणी थांबलं.

"अल्सर नव्हता तो. आम्ही खोटं बोललो. तुम्ही गेलात हो... तुम्हाला कुणी सांगितलंच नाही."

बेडूकसुद्धा गप्प.

मग रडणं ऐकू आलं.

बाचं. आधी दबकं, मग लहान पोरासारखं हमसून हमसून. आई तिथेच चिखलात बसली. शेजारी कुणी दिसत नव्हतं, तरी पाठीवरून हात फिरवावा तसा तिचा हात हलत होता. "रडा," ती म्हणत होती, "मी आहे इथे."

अंधार पडेपर्यंत ती बसून होती. त्यानंतर फिती सुटल्या नाहीत.

ते काय होतं, मला ठाऊक नाही. कातरवेळी मी अजून मागचं दार उघडत नाही. पण खरं सांगू? मला भीती वाटत नाही. वाईट वाटतं. ते रडणं बा जिवंत असताना, आमच्या कुशीत व्हायला हवं होतं.