खुर्चीसमोरचं दार

टाळेबंदीत कोलकात्यातल्या चित्रांच्या गॅलरीला कुलूप लागलं त्याच आठवड्यात मालकांचा फोन आला. न्यू अलिपूरच्या गच्चीत चहा पीत ते म्हणाले की भिंतीवरची चित्रं काही पळून जात नाहीत, बघणारे मात्र पळतात. लोकांना घरबसल्या काहीतरी उद्योग द्या. बोलायला काय जातं! सगळं येऊन पडलं गॅलरी सांभाळणाऱ्या सुदेष्णाच्या गळ्यात. बाकीचे दूरदूर अडकलेले, आणि ती एकटी भवानीपूरला, गॅलरीपासून दोन गल्ल्यांवर. ओल, वाळवी बघायला रोज तिनेच जायचं.

उद्योग सुचला शिउलीला. ही बेहालातल्या घरून गॅलरीचं फेसबुक पान सांभाळायची. आठवड्याला एक चित्र टाकायचं. लोकांनी घरातल्या वस्तू आणि घरातलीच माणसं घेऊन ते हुबेहूब उभं करायचं आणि फोटो पाठवायचा. बंगाल्याला नाटक करायला मिळालं आणि वर वेळही मिळाला, मग काय विचारता! कोणी सासूला राधा केलं, कोणी कोबीच्या पानांचा मुकुट घातला. कित्येक दिवसांनी सुदेष्णा पोट धरून हसली.

मग त्यांनी 'दुपार' टाकलं. अनादिनाथ पाकडाशींचं जुनं तैलचित्र. लाल गुळगुळीत जमीन, आरामखुर्चीत पाठमोरी बसलेली पांढऱ्या साडीतली म्हातारी आणि तिच्यासमोर बंद हिरवं दार. बाकी काही नाही. करायला सोपं म्हणून मुद्दाम निवडलेलं.

फोटो भराभर आले. आज्या, मावश्या, चादर गुंडाळलेले नवरे. सगळं ठाकठीक, फक्त दार प्रत्येकाचं किलकिलं. चित्र डोळ्यांसमोर असताना साधं दार लावता येऊ नये, म्हणून शिउलीने पानावर थोडी टिंगल केली. त्यावर बारासातच्या एका मास्तरांनी फणकाऱ्याने लिहिलं की चित्रात जेवढं उघडं आहे तेवढंच आम्ही ठेवलंय. खाली बाकीच्यांनी त्यांचीच री ओढली.

सुदेष्णाने फोनवर चित्र मोठं करून पाहिलं. दार बंद. गॅलरीत जाऊन चित्रावरचं कापड काढलं. बंद. शिउलीलाही बंदच दिसत होतं. घरात बसून बसून लोकांचं डोकं फिरलंय, असं ती म्हणाली आणि सुदेष्णाने ते मानलं. दुसरं काय मानणार?

पुढच्या फोटोंमध्ये दारं अर्धी उघडी होती. कोणाचं स्वयंपाकघरात उघडणारं, कोणाचं बाल्कनीत. बाहेर चैत्राचं ऊन रणरणत होतं, तरी एकाही दारापलीकडे उजेड नव्हता. तिने ते फोटो पुन्हा उघडून पाहायचं सोडून दिलं.

तिचे वडील, निरंजनबाबू, चंदननगरला एकटे राहायचे. आगगाड्या बंद, मग रोज दुपारी फोन. चांभार बसत नाही तर मी काय अनवाणी फिरू, असं म्हणून त्यांनी चपलेचा तुटलेला पट्टा मासेमारांच्या जाळ्याच्या निळ्या दोऱ्याने स्वतः शिवला होता. ते कौतुक चार दिवस पुरलं. सुदेष्णा ऐकायची. त्यांचा आवाज ऐकला की तिला अन्न गोड लागायचं.

एका दुपारी ती गॅलरीत असताना त्यांनीही फोटो पाठवला. फोन पुस्तकांच्या ढिगावर टेकवून काढलेला. आरामखुर्चीच्या पाठीवरून त्यांचं टक्कल दिसत होतं, खांद्यावर पांढरी चादर. समोरचं दार सताड उघडं.

ते आईच्या खोलीचं दार होतं. आई गेली त्या वर्षी बाबांनी त्याला कुलूप घातलं, आणि दुर्गेच्या विसर्जनाच्या दिवशी किल्ली गंगेत टाकली. सुदेष्णा तेव्हा त्यांच्या शेजारी उभी होती.

तिने 'दुपार'वरचं कापड बाजूला केलं आणि लगेच फोन लावला.

"बाबा, ते दार लावा."

"चित्रात उघडं आहे, बुलू. मी कसं लावू?"

"मी चित्रासमोर उभी आहे. ते बंद आहे हो!"

पलीकडे आरामखुर्ची करकरली.

"तू उभी आहेस ना, म्हणून तसं दिसतं," ते हळूच म्हणाले. "बसल्यावर दिसतं."

चंदननगरला जायच्या परवान्यासाठी तिने पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवल्या. वडील आजारी आहेत का? नाहीत. मग कशाला जायचं? दार उघडं आहे, हे कोणत्या तोंडाने सांगणार? शेवटी तिने शिउलीला 'दुपार' पानावरून काढून टाकायला लावलं.

त्या दिवशी बाबा फोनवर खुशीत होते. म्हणाले, "चित्र पानावरून काढलंत वाटतं. असू दे, आता मला लागत नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी फोन उचलला नाही.

शेजारच्या मोंटूकाकांनी शिडी लावून खिडकीतून पाहिलं. खुर्चीत बसल्या बसल्याच गेले होते.

जिवंत बापासाठी न मिळालेला परवाना मेलेल्यासाठी तासाभरात मिळाला. सुदेष्णा घरात शिरली ती आधी आईच्या खोलीकडे गेली. दार बंद होतं. कुलपावर गंज चढलेला, त्यावर कोळ्याचं जाळं. तिने ते बोटाने तोडलं आणि तिथेच जमिनीवर बसून ओक्साबोक्शी रडली.

स्मशानात नेताना बाबांच्या चपला बरोबर द्यायच्या, असं तिच्या मनात होतं. त्या कुठेच सापडल्या नाहीत. कुत्र्याने नेल्या असतील, मोंटूकाका म्हणाले.

गॅलरी उघडली तेव्हा दुर्गापूजेचे दिवस जवळ आले होते. मालकांनी झेंडूच्या माळा पाठवल्या. शिउली एवढ्या महिन्यांनी पहिल्यांदाच भेटत होती, मास्कच्या वरून नुसते डोळे हसत होते. दोघींनी मिळून चित्रांवरची कापडं काढली. 'दुपार'चं कापड सुदेष्णाने स्वतः काढलं.

दार बंद होतं. म्हातारी तशीच पाठमोरी.

उंबऱ्याशी चपलांचा जोड होता.

"शिउली, या चपला..."

"त्यांचं काय, दी?" शिउली दुसऱ्या चित्राकडे वळत म्हणाली. "फुटलाय का रंग तिथे?"

सुदेष्णा वाकली. रंग फुटलेला होता. जुन्या तैलरंगाला पडतात तशा बारीक भेगा जमिनीवरून येऊन चपलांमधून पुढे दारावर चढल्या होत्या. चपलांची टोकं दाराकडे होती. उजवीच्या पट्ट्यावर निळ्या दोऱ्याचे वेडेवाकडे टाके होते.